तप्तकुंडातले दोन गुरू

।। श्री गुरुदेव दत्त ।।

दत्तभक्तहो, दत्तजयंतीच्या निमित्तानं चार शब्द लिहायला सांगितलं, म्हणून गेल्या वर्षी भाद्रपदात बद्रीनाथला जे घडलं तेच आपल्यापुढं ठेवतो.

बद्रीनाथ हे दत्तभक्तांनाही आपलंच स्थान. काशीस संन्यास घेतल्यावर श्री नृसिंह सरस्वती महाराज बदरीवनाकडे गेले, हे गुरुचरित्राच्या पारायणात आपण वाचतोच. त्याच वाटेवर चमोलीच्या अलीकडं-पलीकडं कुठंही विचारा, गोपेश्वरजवळच्या मंडल गावाहून सती अनसूयामातेच्या देवळाला वाट जाते. दत्तजयंतीला तिथं मोठी यात्रा भरते. चढ चार-पाच किलोमीटरचा. आमचे गुडघे काही तो मानणारे नव्हते. खालूनच हात जोडले आणि पुढं निघालो.

मी बद्रीनाथला निघालो होतो तो ब्रह्मकपालावर आईवडिलांचे पिंड ठेवायला. थोरला मी. धाकट्याला कळवलंसुद्धा नव्हतं. गावच्या घराची वाटणी झाली, तेव्हा परड्यातल्या विहिरीकडं जाणाऱ्या वाटेवरून आमचं वाजलं. वाट ती केवढी, हातभर! पण त्या दिवशी मी जे बोललो, ते भावानं भावाला बोलू नये असं होतं. आठ वर्षं दोघांचं बोलणं बंद. निघताना घरातून विचारणा झाली, "अहो, भाऊजींना कळवलंत का?" मी पिशवीची चेन लावत राहिलो.

पहाटे आम्ही अलकनंदेवरचा पूल ओलांडला. उंची दहा हजार फुटांच्या वर, थंडीनं बोटं वळेनात. खाली नदी बर्फासारखी गार, आणि तिच्याच काठावर, देवळाच्या पायऱ्यांखाली, तप्तकुंडातून वाफ निघतेय. गरुडशिलेखालून गरम पाण्याची धार येऊन कुंडात पडते. पाणी साधारण पंचेचाळीस अंश. थोडा गंधकाचा वास. आधी इथं स्नान, मग दर्शन, असा रिवाज. बायकांची सोय वेगळी आहे.

आपल्या वयाच्या मंडळींना एक सांगून ठेवतो. एकदम उडी घेऊ नका. आधी पायावर तांब्याभर पाणी घ्या, मग सावकाश उतरा, आणि पाचेक मिनिटांत बाहेर या. तिथली हवा विरळ असते. गरम पाण्यातून झटक्यात उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल त्यानं डॉक्टरांना विचारूनच जावं. नाहीतर काठावर बसून अंगावर पाणी घेतलं तरी स्नान घडतंच.

हे पाणी तापतं कसं? पावसाचं, बर्फाचं पाणी डोंगराच्या भेगांतून खोल खोल मुरतं. खाली खडक तापलेले असतात. तिथली ऊब घेऊन ते दुसऱ्या भेगेनं वर येतं. ही झाली शास्त्राची भाषा. पुराणाची भाषा अशी : भृगुऋषींनी अग्नीला शाप दिला, 'तू सर्वभक्षी होशील.' सगळंच खायचं म्हणजे पवित्र-अपवित्र सगळंच पोटात जाणार. त्या भयानं अग्नी बदरीक्षेत्री नारायणाला शरण आला, आणि इथं पाण्याच्या रूपानं राहिला. म्हणून हे अग्नितीर्थ.

त्या पाण्यात गळ्यापर्यंत बसलो असताना मला अवधूतांचे चोवीस गुरू आठवले. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले गुरू मोजून दाखवतात. नाथमहाराजांनी तो स्कंध मराठीत उलगडून ठेवलाय. त्यात चौथा गुरू पाणी आणि पाचवा अग्नी. पाणी निर्मळ, स्वभावानं मऊ, जवळ येणाऱ्याला स्वच्छ करणारं. अग्नी तेजस्वी, जे पडेल ते पचवणारा, पण कशाचाही मळ अंगाला लावून न घेणारा; कधी प्रकट, कधी झाकलेला. पोथीत हे दोन गुरू पाठोपाठ येतात. इथं दोघे एकाच कुंडात!

मंडळी, अग्नी माझ्याकडंही होताच की. पण होता तो जिभेच्या टोकावर. कुंडातला अग्नी डोंगराच्या पोटात दडून राहतो आणि वर पाठवतो ती फक्त ऊब. येणारा यात्रेकरू ओळखीचा की परका, हे तो विचारत नाही. मी आठ वर्षं आग वर ठेवली आणि ऊब आत कोंडली. साधनेत तापणं वेगळं आणि रागानं तापणं वेगळं, हे इतकी पारायणं करून मला कळलं नव्हतं. ते त्या पाण्यानं शिकवलं.

बाहेर आलो, अंग पुसलं, शाल गुंडाळली. कुंडातून वाहून जाणारं पाणी खाली अलकनंदेलाच मिळत होतं. एक ऊन, एक गार, पण दोन्ही त्याच डोंगरातली. पुढं ब्रह्मकपालावर बसून मी गोत्र सांगणार, आईचं-वडिलांचं नाव घेणार. ती नावं काय एकट्या माझी होती?

दर्शन झाल्यावर फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलल्यावर दोन्हीकडं शांतता. मी म्हटलं, "बद्रीनाथला आलोय. आईआप्पांचे पिंड ठेवतोय. तुझ्याही वतीनं ठेवू का?" थोडा वेळ काहीच नाही. मग आवाज आला, "दादा, थंडी फार असेल तिथं. गुडघा सांभाळ." आणि जरा थांबून, "ठेव."

एवढंच झालं. परड्यातली वाट अजून तेवढीच आहे, मोजणीचा कागदही आहे. पण त्या वाटेनं आता चहाचा कप जातो-येतो. यंदा जयंतीला पालखीच्या एका खांद्याला तो असणार आहे.

भक्तहो, बद्रीनाथ सर्वांना घडेलच असं नाही. पण पाणी आणि अग्नी हे दोन गुरू प्रत्येकाच्या घरात आहेत, रोज सकाळी न्हाणीघरातसुद्धा. उद्या ऊन पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेताना आठवून बघा, कुणाशी बोलणं राहिलंय का. राहिलं असेल तर महाराजांच्या जन्मकाळाच्या आधी बोलून टाका.

।। अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ।।