पडणें आणि हसणें

विनोदी नट धाडकन् आपटला म्हणजे आम्ही हसतों, तें हसणें क्रूरपणाचें आहे काय, असा प्रश्न सहृदय वाचकांस केव्हां ना केव्हां पडलाच असेल. ‘त्याला खरोखर लागत नाहीं,’ हें त्यावरील ठराविक समाधान. अमेरिकन नट बस्टर कीटन याचें चरित्र पाहिलें असतां तें फार वेळ टिकत नाहीं.

१८९५ सालीं जन्मलेल्या या मुलास त्याचा नट बाप लहानपणापासून प्रेक्षकांदेखत रंगभूमीवर उचलून फेकीत असे. फेकण्यास सोयीचें व्हावें म्हणून पोराच्या कपड्यांस चक्क पेटीची मूठ शिवलेली असे! बालसंरक्षणाचें काम करणाऱ्या मंडळींनीं आक्षेप घेतला. परंतु कसें पडावें हें आपणांस येत होतें, असेंच कीटन पुढें सांगत राहिला. त्याच वयांत त्यास एक गोष्ट कळली, ती ही कीं, आपण हसलों तर लोक कमी हसतात. त्याचा तो सुप्रसिद्ध निर्विकार चेहरा येथून आला.

१९२४ च्या ‘शेरलॉक ज्युनियर’ या चित्रपटांत आगगाडीच्या पाण्याच्या टाकीचा लोट अंगावर येऊन तो रुळांवर आपटतो. त्या वेळीं त्याच्या मानेचें हाड मोडलें होतें, हें कित्येक वर्षांनीं क्ष-किरणांच्या छायाचित्रांत दिसलें. तोंवर जगानें त्या प्रसंगास पोट धरून हसून घेतलें होतें.

जें त्याचें त्यासहि ठाऊक नव्हतें, त्याबद्दल प्रेक्षकांस अपराधी ठरविणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. परंतु वरील समाधानाचा आधार मात्र गेला. आम्ही हसतों तें लागल्याचें दिसत नाहीं म्हणून. लागतें कीं नाहीं याची चौकशी कोण करतो?

ही चौकशी पुढेंहि झाली नाहीं. १९२६ चा ‘द जनरल’ तिकिटविक्रींत पडला. १९२८ सालीं तो एम. जी. एम. कंपनीच्या चाकरीस लागला, तेथें स्वतःच्या चित्रपटांवरील त्याची सत्ता गेली, मद्यपान वाढलें आणि १९३३ सालीं त्यास काढून टाकण्यांत आलें. त्याच्या प्रत्येक पडण्यास दाद देणाऱ्या लोकांनीं या एका पडण्याकडे पाहिलें नाहीं. कदाचित् त्याच्या चेहऱ्यावरून त्यांस कांहीं कळलेंहि नसेल.

मग तो इतरांच्या चित्रपटांस विनोदी कल्पना पुरवून पोट भरीत राहिला. १९६० सालीं त्यास सन्मानाचें ऑस्कर मिळालें. १९६६ सालीं तो वारला. टाकीखालचा तो प्रसंग आजहि पाहावयास मिळतो. मानेचें वृत्त ठाऊक असूनहि आम्हांस हसूं येतें. मात्र तो उठून धांवूं लागेपर्यंत तें ओठांवर थांबून राहतें.