जागा कुणाला सांगावी?

आमच्या शेजारी एक काका राहतात. होडी स्वतःची, मुलगा मुंबईत. बांगडा कुठे लागलाय हे त्यांना किनाऱ्यावरच्या बाकीच्यांच्या आधी कळतं. मी मालवणला घरूनच काम करतो, त्यामुळे संध्याकाळी कधी कधी त्यांच्या ओट्यावर बसतो. एकदा सहज विचारलं, "काका, आज खय गेल्लात?" ते हसले. "जागो सांगलंय तर मी खातलंय काय?"

मीही हसलो. पुढे दोन महिन्यांनी हेच वाक्य मी ऑफिसच्या कॉलवर बोललो. फक्त शब्द सभ्य होते: "पुढच्या आठवड्यात बघू या का?"

आमच्या सिस्टीममध्ये पेमेंटचा हिशोब जुळवणारा एक भाग आहे. तो नीट कळतो असा टीममध्ये मी एकटाच. डॉक्युमेंटेशन लिहायचं राहिलंय, म्हणजे खरं सांगायचं तर मी राहू दिलंय. यंदा कपातीच्या बातम्या सुरू झाल्या आणि त्याच महिन्यात टीममध्ये एक नवी मुलगी आली. छोट्या गावातली, हुशार, सारखी विचारणारी. मी तिला तीनदा पुढच्या आठवड्यावर ढकललं. तिसऱ्यांदा ढकलल्यावर रात्री झोप लागेना, म्हणून कानात इअरफोन घालून गाणी शोधत बसलो. तेव्हा केसरबाई केरकर भेटल्या.

नाव ऐकून होतो. १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजरच्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे, हेही माहीत होतं. पण गाणं तोवर ऐकलं नव्हतं. साडेतीन मिनिटांत श्वास कुठे घेतला ते कळत नाही. गाण्यातल्या अशा खास वळणांना जाणकार 'जागा' म्हणतात, हे मला नंतर कळलं. काकांचाच शब्द!

केसरबाई फोंड्याजवळच्या केरीच्या, जन्म १८९२चा. आठ वर्षांच्या असताना कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे आठ महिने शिकल्या, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझ्यांकडे, पुढे मुंबईत आणखी काही गुरूंकडे. सगळं तुकड्यातुकड्यानं. १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांनी शिकवायला घेतलं तेव्हा त्या २८ वर्षांच्या होत्या, म्हणजे माझ्याच वयाच्या. तिथून त्यांनी जवळपास पहिल्यापासून सुरुवात केली. व्यावसायिक मैफली सुरू झाल्या १९३०च्या सुमारास, आणि खाँसाहेब १९४६ साली जाईपर्यंत तालीम चालूच राहिली.

त्याच काळात कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकरही याच विद्येमागे होत्या. जन्म १९०४चा. लहानपणी नाटक कंपनीत कामं केली, आई लवकर गेली. आजारपणात सांगलीला असताना त्यांचा रियाज अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर पडला आणि ते आपणहून शिकवू लागले. खाँसाहेब मुंबईला गेले, तशा मोगूबाईही गेल्या. आणि मध्येच ही तालीम थांबली. दुसऱ्या शिष्येला शिकवायचं नाही अशी अट केसरबाईंच्या बाजूनं होती, असं संगीताच्या वर्तुळात सांगितलं जातं. मोगूबाई आग्रा घराण्याकडे वळल्या, मग खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या. खुद्द खाँसाहेबांकडे रीतसर परतल्या तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला केसरबाईंचा राग आला. मग लक्षात आलं, हा राग मला परवडणारा नाही.

शिवाय त्यांची बाजू कच्ची नाही. युरोपात ऑपेरा गाऊ पाहणाऱ्या मुलीला मोझार्टची छापील प्रत दुकानात मिळते आणि परीक्षा देऊन संगीतशाळेत जाता येतं. इथे शाळा म्हणजे एक म्हातारा माणूस आणि त्याची स्मरणशक्ती. त्यात कलावंत समाजातली बाई. रात्री तिचं गाणं ऐकणारा समाज सकाळी तिला घरात घेईल याची खात्री नाही. डिग्री नाही, पेन्शन नाही. अनवट राग आणि त्यातल्या जागा हीच तिची जमीन. आयुष्याची दहा वर्षं मोजून घेतलेल्या जमिनीला तिनं कुंपण घातलं, तर चूक कसं म्हणायचं?

पण ती विद्या त्यांच्यापासून सुरू झालेली नव्हती. अल्लादिया खाँसाहेबांना ती त्यांच्या काकांकडून, जहाँगीर खाँकडून मिळाली होती. माझंही तेच. मी ज्या कोडला माझं म्हणतो, त्यातलं बहुतेक न पाहिलेल्या माणसांनी फुकट वाटलेल्या ओपन सोर्सवर उभं आहे. कॉलेजात असताना रात्री दोन वाजता अडलो, की कुठल्यातरी अनोळखी माणसानं उत्तर लिहून ठेवलेलं सापडायचं. त्यानं मला पुढच्या आठवड्यावर ढकललं नव्हतं.

यावरही माझ्याकडे उत्तर तयार होतं: उदारपणा पोट भरलेल्यांचा. भातखंड्यांनी घराण्यांच्या बंदिशी गोळा करून स्वरलिपीसह छापल्या, पण ते वकील होते, गाण्यावर त्यांची चूल नव्हती. हे उत्तर मला दोन दिवस पुरलं. मग वझेबुवा आडवे आले. बुवा आमच्याच सावंतवाडी संस्थानात जन्मलेले. पोरवयात घर सोडून, मागून खात ग्वाल्हेरला पोचले आणि निसार हुसेन खाँसाहेबांकडून विद्या मिळवली. लपवायचा हक्क कुणाला असेल तर या माणसाला. त्यांनी १९३८ साली 'संगीत कला प्रकाश' छापून बंदिशी सगळ्यांसमोर ठेवल्या.

सोसलेला माणूस उदार होतो, असंही म्हणता येत नाही. मोगूबाईंनी किशोरीताईंबरोबर कितीतरी जणींना शिकवलं, केसरबाईंनी धोंडूताई कुलकर्णींखेरीज जवळपास कुणालाच नाही. आणि वणवण दोघींनीही केली होती. म्हणजे परिस्थितीवर ढकलून मला सुटता येत नाही.

(काकांना हे सगळं सांगितलं. म्हणाले, रापण ओढूची तर गाव लागता, थय जागो लपवन काय करतलस? मग होडीचं काय, विचारलं. उत्तर दिलं नाही.)

परवा मी त्या मुलीला कॉल लावला. दोन तास स्क्रीन शेअर केली. सुरुवातीलाच तिनं विचारलं, "सर, रेकॉर्ड करू का?" केसरबाई रेकॉर्डिंगला सहसा राजी नसत, ते मला त्या क्षणी कळलं. थोडा वेळ गप्प बसून म्हटलं, कर.

परताव्याच्या नोंदी जिथे अडकतात ती एक जागा मात्र मी दाखवली नाही. वेळ संपली, असं तिला सांगितलं. सोमवारी पुन्हा कॉल आहे.