मुलांस विसर्जन शिकवावे

पाणी जपावे, कचरा करू नये, झाडे तोडू नयेत, हा उपदेश आता शाळाशाळांतून होत असतो. पर्यावरणाचे शिक्षण मुलांस द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले आणि २००३ साली पुन्हा बजाविले. त्याप्रमाणे पुस्तके निघाली, परीक्षा झाल्या, मुलांस गुणही मिळाले. पण गुण मिळणे निराळे आणि गुण लागणे निराळे! पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत आमचे कीर्तनाच्या निमित्ताने जाणेयेणे असते. तेथली पोरे मोठी हुशार. पर्यावरणाची व्याख्या घडाघडा म्हणतात आणि म्हणून झाली की हातातल्या गोळीचा कागद तेथेच टाकून पळतात. यात मुलांचा काय दोष? नुसते पाठ करून आचरण अंगी येते, तर शास्त्रे घोकलेले सगळे पंडित केव्हाच संत झाले असते!

मग शिकवावे तरी कसे? आपल्या शास्त्रकारांनी यासाठी अरुंधतीन्याय सांगून ठेवला आहे. अरुंधतीचा तारा बारीक, एकदम दिसत नाही. म्हणून आधी त्याच्या जवळचा ठळक तारा दाखवायचा, आणि तेथे नजर ठरली की बोट हळूच पुढे सरकवायचे. तद्वत् पर्यावरण ही फार सूक्ष्म गोष्ट आहे. आधी मुलाच्या डोळ्यांपुढचे ठळक ते दाखवावे. आणि पेणच्या मुलाच्या डोळ्यांपुढे गणपतीहून ठळक दुसरे काय असणार?

पेणची गणेशमूर्ती शंभर वर्षांहून जुनी. पेण शहर, हमरापूर, जोहे या बाजूला घरोघर कारखाने आहेत. तेथून मूर्ती मुंबईस जातात, परदेशीही जातात. याच पेण तालुक्यात गागोदे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. विनोबांनी आपल्या बाळपणाची एक आठवण सांगितली आहे. त्यांचे आजोबा शंभुराव गणपतीची मूर्ती विकत आणीत नसत. घरची मुले चंदन उगाळीत बसत आणि त्या गंधाची मूर्ती आजोबा स्वतःच्या हाताने घडवीत. मग प्राणप्रतिष्ठा, पूजा, आरती, सगळे यथासांग; आणि शेवटी ती मूर्ती पाण्यात सोडून द्यायची. एवढ्या कष्टाने केलेली मूर्ती बुडवायची म्हणताना लेकरांना वाईट वाटे. पण आवाहन जितक्या भक्तीने करायचे, तितक्याच भक्तीने विसर्जनही करायचे, हे त्या घराने मुलांच्या हातांना शिकविले. व्याख्या कोणी सांगितली नाही. चंदन उगाळून घेतले, बस्स!

आता हा शब्दच पाहा. सर्जन आणि विसर्जन हे दोन्ही सृज् या एकाच धातूपासून झाले. घडविणे आणि सोडून देणे यांचे मूळ एक आहे. जे घडविले ते जेथून आले तेथे परत गेले पाहिजे, तरच विसर्जन पुरे झाले. मातीची मूर्ती पाण्यात विरते आणि पुन्हा माती होते. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तसे नाही. जिप्सम नावाचा खडक भाजून ते करतात. पाणी घातले की ते पुन्हा घट्ट बसते आणि मग पाण्यात लवकर विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी नदीवर जाऊन पाहावे, तर कोठे देवाचा हात, कोठे सोंड! वर लावलेल्या रासायनिक रंगांतले विष पाण्यात उतरते ते निराळेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली अशा मूर्ती नकोत असे ठरविले. पुढे जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडविण्यास मोकळीक दिली, मात्र परवानगीवाचून नदीसमुद्रात त्यांचे विसर्जन नको असे सांगितले.

येथे एक नाजूक गोष्ट आहे. त्या गावांतला एखादा मुलगा शाळेत हे सगळे ऐकतो आणि घरी जातो, तर बाप प्लास्टरचाच साचा भरीत बसलेला! त्या पोराने काय करावे? बापाला पापी म्हणावे? नव्हे, नव्हे. ज्या शिकवणीने मूल आईबापांच्या भाकरीचा तिरस्कार करू लागते, ती शिकवण नव्हे. बाप प्लास्टर का वापरतो? ते हलके, लवकर वाळते, वाटेत फुटत नाही आणि स्वस्त पडते. शाडूची मूर्ती जड, वाळायला दिवस लागतात आणि धक्का लागला की गेली. गिऱ्हाईकाला मूर्ती उंच हवी, चकचकीत हवी आणि दाम मात्र कमी हवे. तेव्हा दोष पाहायचा तर आधी मागणाऱ्याच्या हावेत पाहावा. आपण वीतभर शाडूची मूर्ती मागू आणि तिचे योग्य मोल देऊ, तर पेणचे कारागीर ती आनंदाने करतील. त्यांचे हात मुळात शाडूवरच तयार झालेले आहेत. आणि शाडूसुद्धा ढिगाने ओढ्यात नको, त्यानेही गाळ साचतो. घरीच बादलीत विसर्जन करावे आणि ती माती मुलाच्या हाताने तुळशीच्या आळ्यात घालावी.

ठळक तारा दिसला. आता बोट पुढे सरकवू. पेणहून रोह्यास चला. रोह्याची कुंडलिका तुम्हांस ठाऊक आहे. तिच्यातले बरेच पाणी घाटावरच्या मुळशी तलावाचे असते. ते पाणी डोंगरावरून भिऱ्याच्या वीजघरात कोसळते. १९२७ पासून तेथे वीज होते आणि मग ते कोलाडवरून रोह्याकडे येते. त्या धरणाखाली मुळशी खोऱ्यातली गावे, शेते, देवळे गेली. सेनापती बापटांनी १९२१ पासून तेथे सत्याग्रह केला, तरी ती गेलीच. विजेमागे अशी कोणाची तरी बुडालेली चूल असते. हे एकदा मुलास सांगावे. मग 'रिकाम्या खोलीतला दिवा बंद कर' असे रोज ओरडावे लागत नाही.

यावर रोह्याची पोरे पूर्वपक्ष मांडतात, आणि तो खोटा नाही. ती म्हणतात, "महाराज, धाटावला एवढे कारखाने आहेत. नदीच्या पाण्याची तक्रार आमच्या वडिलांपासून चालू आहे. आम्ही नळाचा एक थेंब वाचवून काय होणार?" उत्तरपक्ष असा. पहिले, थेंब मोजून तर पाहा. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाचे ८६,४०० थेंब झाले. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी चार लिटरांवर पाणी गेले. घरच्या नळाखाली तांब्या ठेवून मुलांनी स्वतः मोजावे. दुसरे, कारखान्याचे पाप मुलाने तांब्याने फेडावे असे आम्ही म्हणत नाही. त्याचा जाब मोठ्यांनीच विचारला पाहिजे, ग्रामसभेत विचारला पाहिजे, आणि मोठ्यांनी गप्प बसून मुलांस थेंब मोजायला लावणे हे ढोंग होय. पण ज्याने स्वतःची सवय आवरली, त्याचाच आवाज जाब विचारताना चढतो. ज्याची गटारगंगा स्वतःच्याच दारातून वाहते, त्याचे कोण ऐकणार?

आणि बंधुभगिनींनो, हे शिकविण्याचा अधिकार वारकऱ्याइतका दुसऱ्या कोणाला आहे? योगशास्त्रात अपरिग्रह हा एक यम सांगितला आहे. आपण तो चालून दाखवितो. आळंदीहून पंढरीस जाताना तीन आठवड्यांच्या आसपास माणूस खांद्यावरच्या एका पिशवीवर राहतो. दोन कपडे, तांब्या, टाळ, अंथरूण, झाले. त्याचे काही अडत नाही, उलट तोंडावर तेज येते. पण पालखी पुढे गेल्यावर मागे माळावर पाण्याच्या बाटल्या, पत्रावळी, फाटके कागद पडलेले दिसले, की लेकरू काय शिकणार? ते आपले अभंग ऐकत नाही, आपला माळ पाहते!

म्हणून या वारीस निघताना नातवंडांस बरोबर घ्या आणि तीन नेम त्यांच्यासमोर घ्या. स्वतःचा तांब्या किंवा बाटली बरोबर ठेवायची. मुक्काम सोडताना आपली बसण्याची जागा आल्यापेक्षा स्वच्छ करायची. आणि कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी मुलाला विचारायचे, "बाळ, हे विरेल का रे?" विरणार असेल तर घ्यावे, नसेल तर दोनदा विचार करावा. उत्तर आपण देऊ नये, त्याला देऊ द्यावे.

हा देहसुद्धा एक दिवस विसर्जनासच जायचा आहे. त्याच्यामागे न विरणारे असे काही उरायचेच असेल, तर ते नाम उरावे. रामकृष्णहरि!