ब्रेक लावल्यावर कोण थांबतं?

अकोल्यात सुट्या भागांच्या दुकानात बसणाऱ्या माणसाचा सगळा धंदा एका प्रश्नावर चालतो : कोणती गाडी? गिऱ्हाइकाने नाव, मॉडेल आणि साल सांगितलं की माझा हात आपोआप त्या खणाकडे जातो. कॅटलॉगमधला पार्ट नंबर आमच्यासाठी शब्दप्रमाण. त्यावर वाद नाही. पण मॉडिफाय केलेली जीप दारात आली की हे प्रमाण लटकं पडतं. इंजिन एकीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, पुढचा अ‍ॅक्सल तिसरीचा आणि आरसी बुकावर नाव चौथीचं. अशा गाडीच्या ब्रेकची डिस्क द्यायची, तर आधी गाडी म्हणजे नक्की काय, हे ठरवावं लागतं.

मी बौद्ध घरातला. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालतं, त्यामुळे 'मिलिंदप्रश्न'मधला रथ लहानपणापासून कानावर आहे. ग्रीक राजा मिनँडर, पालीतला मिलिंद, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सागल नगरीतून, म्हणजे आजच्या सियालकोटच्या बाजूने, राज्य करत होता. भिक्खू नागसेन त्याला विचारतात, आपण रथातून आलात. मग आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. सगळे भाग मिळून? नाही. भागांहून वेगळं काही? तेही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की 'रथ' हे या सगळ्यांच्या आधाराने व्यवहारात चालणारं नाव आहे. नागसेन या ठिकाणी वजिरा भिक्खुणीचा हवाला देतात. 'संयुत्त निकाया'त साधकांना भुलवणारा मार तिला अडवतो आणि प्राणी कोणी निर्माण केला म्हणून विचारतो, तेव्हा रथाचा दाखला तिने आधीच दिलेला आहे. राजासमोर गाजलेला युक्तिवाद मुळात एका भिक्खुणीचा, ही गोष्ट विहारातही फारशी कोणी सांगत नाही.

माझ्यासारख्या दुकानदाराला नागसेन पटायला वेळ लागत नाही. माझ्या खणांत गाडी कुठेच नाही, सगळे भागच आहेत.

पण अमरावतीचे एक सर आहेत, संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांची जुनी महिंद्रा जीप, पासिंग एमएच २७. कंपनीतून निघाली तेव्हा तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. मधल्या कुठल्यातरी मालकाने पुढे डिस्क बसवून घेतल्या. सर पावसाळ्यात परतवाड्यावरून चिखलदऱ्याला चढतात आणि उतरतात, म्हणजे ब्रेक हा त्यांच्या हौसेचा भाग नव्हे, गरजेचा. सर न्यायदर्शनाचे अभ्यासक. नैयायिक म्हणतात की भागांहून वेगळा 'अवयवी' खरोखर असतो. घडा म्हणजे नुसता खापऱ्यांचा जमाव नव्हे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात त्याचं एक कारण दिलं आहे : एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सगळी ओढली जाते. नुसता जमाव असता तर हातात तेवढाच भाग आला असता.

"आता ब्रेक बघा," सर म्हणाले. "पॅड डिस्कला धरतं ती जागा तळहाताएवढी. पण थांबते कोण? अख्खी जीप, आत बसलेल्या माझ्यासकट. तुमच्या नागसेनांनी रथाची चाकं मोजली, रथ थांबवून पाहिला नाही."

युक्तिवाद बिनतोड वाटला. तो तपासायची सोय मात्र त्यांच्याच जीपमध्ये होती.

तक्रार अशी : ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते आणि पेडल पायाखाली थरथरतं. अमरावती-अकोला रस्ता खड्ड्यांचा होता तोवर हे कुणाला जाणवलं नसतं. त्या वेगात कुठलेही ब्रेक पास होत. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर स्थिरावला आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे-पलीकडे जुन्या गाड्यांचे ब्रेक बोलायला लागले.

जीप आमच्या शेजारच्या मिस्त्रीकडे लावली. डिस्क धरून ठेवणारा बारका स्क्रू गंजून एकजीव झालेला. मिस्त्रीने त्यावर तेल सोडलं, चहा घेतला, मग इम्पॅक्टने एक फटका देऊन तो सोडवला. डिस्क तरी हबला चिकटूनच. नवखा पोरगा हातोडा उचलतो. याने डिस्कमधल्या आटे पाडलेल्या दोन भोकांत बोल्ट घातले आणि एकाला थोडं, दुसऱ्याला थोडं असं आवळत नेलं. बोल्टांची टोकं हबला टेकली, डिस्क सरळ बाहेर आली. डाव्या डिस्कमागून पत्र्याची एक रिंग खाली पडली. हाताने कापलेली, कानशीने घासलेली. व्हर्नियर लावला तर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक.

थरथर कळली. रिंग एकसारखी नाही म्हणून डिस्क तिरकी बसलेली. तिरकी फिरत फिरत ती कुठे जास्त झिजली, कुठे कमी. लोक म्हणतात डिस्क गरम होऊन वाकली. पुष्कळदा ती वाकलेली नसते, तिची बैठक वाकडी असते.

ओढ मात्र वेगळ्याच कारणाने. गाडी डावीकडे जाते म्हणून सगळे डावं चाक तपासतात. मिस्त्रीने उजवा कॅलिपर उघडला. ज्या पिनांवर तो सरकायचा, त्या जाम. उजवा ब्रेक अर्धामुर्धाच धरत होता, म्हणून गाडी धडधाकट बाजूकडे वळत होती. ओढ डावीकडे, रोग उजवीकडे.

आता डिस्क. कॅटलॉग बंद करून मी मापं घेतली : बाहेरचा व्यास, जाडी, मधल्या भोकाचा व्यास, पाच स्टडांच्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिलिमीटर आणि बैठकीपासून घासणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची उंची. हे शेवटचं माप लोक विसरतात आणि सगळा घोळ तिथेच असतो. मापांवरून जोडी काढून दिली. उजवी चपखल बसली. डावीकडून थोड्या वेळाने आवाज आला, "भाऊ, पाची बोल्ट बसले, पन घासून रायली."

सर म्हणाले, तीच रिंग परत घाला, इतकी वर्षं चाललं ना. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "सर, तुमी घाटात जाता. रिंग नाय टाकत मी. ही डिस्क सही हाय, तिच्या बाजूचं कायतरी खोटं हाय."

आणि तसंच निघालं. हब, नकल, कॅलिपर, सगळं एकाच गाडीतून काढलेलं. फक्त डाव्या कॅलिपरचं ब्रॅकेट भलत्याच गाडीचं. कधीकाळी कुणाला डावं ब्रॅकेट मिळालं नसेल, त्याने जे मिळालं ते लावलं आणि फरक भरून काढायला डिस्कमागे रिंग घातली. डिस्क निर्दोष, ब्रॅकेटही आपल्या जागी निर्दोष. दोष दोघांच्या मधल्या अंतरात. योग्य ब्रॅकेट मागवलं, हबचा गंज तारेच्या ब्रशने काढला, पिना साफ करून ग्रीस दिलं, जोडीने डिस्क आणि पॅड बसवले आणि डायल गेज लावून डिस्क हाताने फिरवली. काटा जेमतेम हलला.

माझा सरांशी वाद इथून सुरू होतो. धरल्याने सगळं धरलं जातं, हे सूत्र या जीपला कधी लागू होतं? बोल्ट घट्ट असतील, ब्रॅकेट जागचं असेल, पिना सरकत असतील तेव्हा. यातलं एक निसटलं तर पॅड डिस्कला टेकेल, पण जीप पुढे जाईल. विशेष म्हणजे ही शंका नैयायिकांना ठाऊक आहे. भाष्यकार वात्स्यायन याच सूत्राखाली म्हणतात की धरणं आणि ओढलं जाणं हे भाग एकमेकांना धरून असल्यामुळे घडतं, त्यावरून अवयवी सिद्ध होत नाही. हे मला सरांनीच वाचून दाखवलं, प्रामाणिक माणूस आहे.

मग गाडी आहे की नाही? कायदा ठामपणे आहे म्हणतो आणि तिचा आत्मा चेसिस नंबरात ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेला तपशील मालकाला मनाने बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते बजावून सांगितलं. त्यामागचा हेतू मला मान्य आहे. कंपनीच्या गाडीत भागांचा मेळ कुणीतरी आधी तपासलेला असतो, आपण त्या तपासणीच्या छत्राखाली चालवतो. मॉडिफाय केलेल्या गाडीवरून ते छत्र उडालेलं असतं.

मग जबाबदारी कुणाची? नागसेनांपुढे खरी अडचण हीच होती. रथाआधी मिलिंदाने विचारलं होतं, नागसेन नावाचा कोणी नसेलच, तर शील कोण पाळतो, पाप कोण करतो? आणि तुम्हाला कोणी मारलं तर तो खुनी कसा? १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी जे चार प्रश्न मांडले, त्यातला तिसरा याच जातीचा : आत्मा नाही, तर कर्म कसं? बाबासाहेबांनी तो झाकून ठेवला नाही, अभ्यासकांपुढे टाकला, ही मला मोठी गोष्ट वाटते.

नागसेनांचं उत्तर आंब्याच्या चोराचं आहे. चोर म्हणतो, मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. तरी तो दोषी, कारण या आंब्यांचा उगम त्या आंब्यांतच. कायम टिकणारं काही नसतानाही जबाबदारी साखळीतून पुढे येते. ज्याने भलतं ब्रॅकेट लावलं तो आज कुठे आहे कोण जाणे. त्याची रिंग मात्र सरांच्या पायाखाली थरथरत होती. ती तशीच परत घातली असती, तर ते कर्म मिस्त्रीचं आणि माझंही झालं असतं.

म्हणून माझं मत दोघांच्या मधलं आहे. अवयवी वस्तूत बसलेला नसतो, पण तो निव्वळ नावही नव्हे. कुणीतरी माप घेतं, आवळतं, फिरवून पाहतं, तेवढ्यापुरता आणि तेवढाच काळ तो असतो. अनात्म म्हणजे मोकळीक असं समजणारे रिंग घालून मोकळे होतात. आत्मा नाही, हे ज्याला खरंच पटलं, त्याला जास्त कसून काम करावं लागतं, कारण त्याच्या मागे सांभाळून घेणारं दुसरं काही उरत नाही.

सरांना हे मान्य नाही. नवे पॅड बसेपर्यंत जोरात ब्रेक मारू नका, घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा, एवढं मात्र त्यांनी वाद न घालता ऐकलं. बिलाच्या मागे मी सगळी मापं, ब्रॅकेट कोणत्या गाडीचं आणि तारीख लिहून दिली. शेवटचा हात ज्याचा, जबाबदारी त्याची. आणि शेवटचा हात उद्या दुसऱ्याचा असणार, म्हणून आजच्याने आपलं केलेलं लिहून ठेवावं.