प्रगती कोणत्या खात्यात?

1901 च्या खानेसुमारीत सोलापूर शहरात 75,288 माणसं मोजली गेली. वीस वर्षांनी हा आकडा लाखाच्या पुढे होता. मधल्या काळात प्लेग पुन्हा पुन्हा येत होता, 1918 च्या इन्फ्लुएन्झानं घरंच्या घरं रिकामी केली, आणि जिल्हा तर पिढीजात अवर्षणाचा. तरी शहर वाढतच राहिलं, कारण गावाकडे पाऊस नव्हता आणि इथे गिरणीचा भोंगा होता. एवढ्यावर आपण त्या काळाला भरभराटीचा काळ म्हणून मोकळे होतो. दुसऱ्या बाजूचे अभ्यासक त्याच काळाला लुटीचा काळ ठरवतात. मला दोन्ही हिशेब आळशी वाटतात. दोघांनीही सोलापूर हे एकच घर धरलंय. या घरात कोण माडीवर चढलं आणि त्याच वेळी कुणाला ओसरीवरूनही खाली उतरवलं, हे पाहिल्याशिवाय त्या काळाबद्दल काही बोलता येत नाही.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. 1860 च्या सुमारास ती सोलापुरात पोचली. तिच्यामागोमाग 1877 मध्ये मोरारजी गोकुळदासांची गिरणी उभी राहिली. पुढे नव्या गिरण्या आल्या आणि ती ‘जुनी गिरणी’ झाली. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी सुरू झाली. सोलापुरात 1882 साली जन्मलेले वालचंद हिराचंद विशीत असताना लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाला भागीदार घेतात आणि याच बार्शी रेल्वेच्या एका छोट्या टप्प्याचं कंत्राट मिळवतात. पुढे त्यांनी जहाजं, विमानं, मोटारी, साखर असं काय काय केलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ गावोगाव पोचवणाऱ्या लमाणांचा धंदा मात्र याच रुळांनी बसवला. फिरतीवर जगणाऱ्या इतर जमातींची स्थितीही फार वेगळी नव्हती. गाडी एकच, एकाला तिनं उद्योगपती केलं आणि दुसऱ्याला संशयित. संशयिताकडे पुन्हा येऊच.

गिरण्या आल्या की हातमाग बुडतात, असं आपण शाळेपासून शिकलो. सोलापूरनं हे खोटं ठरवलं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी गिरणीचंच सूत घेतलं, धावता धोटा घेतला आणि गिरणीला परवडणार नाहीत अशी रंगीत काठाची लुगडी विणली. माग कमी होण्याऐवजी वाढले. पण माग वाढले म्हणजे विणकर सुधारला असं नाही. पूर्वी जो स्वतःच्या घरात स्वतःच्या मागावर बसे, तो आता कारखानदाराच्या घरी ‘असामी’ म्हणून बसू लागला. अंगावर उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत घर सोडता येत नाही. बायको कांड्या भरते, पोरं हाताखाली राबतात, आणि मजुरी एकट्याच्या नावावर. त्याच जातीतला, त्याच बोलीत बोलणारा कारखानदार मात्र वाड्यावर वाडा चढवत गेला. पद्मशाली समाज पुढे आला हे विधान म्हणून खरंही आहे आणि अर्धवटही.

गिरणीनं जात मोडली, हेही असंच एक लाडकं विधान. प्रत्यक्षात गिरणीनं जातींना खाती वाटून दिली. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्यांच्या ओठांनी धोटा विटाळेल अशी बाकीच्यांची तक्रार. पगार जास्त तो साचेखात्यातच. 1928 च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना याच प्रश्नावर धारेवर धरलं होतं. बायकांचंही तसंच. त्यांचं खातं वाइंडिंग-रिळिंगचं, मजुरी नगावर, वर नायकीण. 1929 च्या मुंबई कायद्यानं बाळंतपणाचा भत्ता दिला, ही मोठीच गोष्ट. पण वर्षं सरली तरी खातं बदललं नाही.

दलितांपुढचा खरा रस्ता गिरणीबाहेरून गेला. मे 1924 मध्ये बार्शीला बहिष्कृतांची प्रांतिक परिषद झाली, अध्यक्ष आंबेडकर. 4 जानेवारी 1925 ला बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं. सोलापूर नगरपालिकेनं त्याला महिना 40 रुपये मंजूर केले. रक्कम ऐकून हसू येईल. पण शहराच्या तिजोरीनं अस्पृश्य मुलांच्या जेवणाचा वाटा उचलावा, हे त्या शहरातल्या कुठल्याही चिमणीपेक्षा मला उंच वाटतं.

आता संशयितांकडे. गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 चा, पण आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता. 1911 च्या नव्या कायद्यानं त्याचा अंमल मुंबई इलाख्यातही आला. कैकाडी, पारधी, कंजारभाट, मांग-गारुडी, टकारी: ज्यांचा फिरता धंदा बसला किंवा ज्यांच्या फिरण्याचीच सरकारला भीती वाटली, त्यांच्या बोटांचे ठसे घेतले गेले, हजेरी लागली, पासाशिवाय बाहेर पडणं हा गुन्हा ठरला. मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याचा अधिकारही त्याच कायद्यात होता. अशा जमातींना ठेवण्यासाठीची सोलापूरची सेटलमेंट ही इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक, आणि ती काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे चालवायला होती. तारेच्या कुंपणाआड राहायचं, भोंगा झाला की गिरणीत जायचं, सुटल्यावर परत हजेरी द्यायची.

या व्यवस्थेचा शिल्पकार ओ. एच. बी. स्टार्ट हा सनदी अधिकारी. त्यानं वसाहतींत शाळा काढल्या, मुलांना हातकाम शिकवायची सोय केली. तो निर्दय असता तर आपलं काम सोपं झालं असतं. त्या शाळांत काही घरांतली पहिली अक्षरं गिरवली गेली, हे नाकारायचं कसं? पण गिरणीमालकाला त्यातून काय मिळालं तेही पाहा. संप करू न शकणारा, गाव सोडून जाऊ न शकणारा मजूर सरकारनं राखण करून आणून दिला. जानेवारी 1920 मध्ये सोलापूरचे गिरणी कामगार महागाईनं पिचून मोठ्या संपावर गेले. संप हे बाकीच्यांचं हत्यार. कुंपणातल्याला मात्र पासाशिवाय दाराबाहेर उभं राहणंदेखील कलमात बसत होतं. कामगारवर्ग म्हणून आपण एकच शब्द वापरतो, त्यात ही दोन माणसं मावत नाहीत.

मे 1930 मध्ये राष्ट्रीय चळवळीच्या लाटेत सोलापुरात इंग्रजांचा अंमल काही दिवस उरला नाही, मग लष्करी कायदा आला, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. लिंगायत, मुसलमान, मराठी, मारवाडी: ही चार नावं एका दमात घेता येतात, यात या शहराची 1901 नंतरच्या तीस वर्षांतली सर्वांत मोठी कमाई आहे असं मी मानतो. गिरणीनं जे केलं नाही ते चळवळीनं केलं. पण ही कमाईही कुंपणाशी येऊन थांबली. लष्करी कायदा शहराला जेमतेम सात आठवडे जाचला आणि त्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. पास आणि हजेरी सेटलमेंटमध्ये तीन-चार दशकं रोज चालली. तिच्यावर ना पोवाडा झाला, ना गौरवग्रंथ. राष्ट्रीय चळवळीच्या पुढाऱ्यांनी या तारेकडे उशिरा पाहिलं, असं स्पष्ट म्हणायला हवं.

31 ऑगस्ट 1952 ला देशभर हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. सात वर्षांनी, 1959 मध्ये, मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. गिरण्या शतक संपता संपता एकामागून एक बंद पडल्या. सोलापुरात त्या वस्तीचा टपालाचा पत्ता अजूनही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असाच लिहितात, पुढे क्रमांक घालून.