पुरेशी वीज म्हणजे किती?

माझे मामा निफाड तालुक्यात राहतात. दोन एकर द्राक्षबाग. त्यांच्या विहिरीवर एक आठवडा दिवसा लाईट असायची, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मामा बॅटरी आणि काठी घेऊन पाणी भरायला जायचे. शेजारच्या उसात बिबट्या असायचा, त्यामुळे ते परत येईपर्यंत मामी जाग्याच.

गेल्या वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून त्यांना पंप मिळाला. १० टक्के रक्कम मामांनी भरली, बाकी सरकारने. आता ते उन्हात पाणी भरतात आणि रात्री झोपतात. हवामान बदल क्षणभर बाजूला ठेवा, नुसती ही झोपसुद्धा मला मोठा विकास वाटते.

मी विचारलं, “मामा, ३ एचपीचाच का घेतलात?”

“अरे, दोन एकराला तेवढाच मिळतो.”

नियम तसाच आहे. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे ७.५.

३ एचपी म्हणजे साधारण सव्वादोन किलोवॉट. नाशिकरोडच्या माझ्या फ्लॅटमधले दीड टनाचे दोन एसी एकदम जोरात चालले, की याहून जास्त वीज ओढतात. त्यातली बरीचशी कोळशाची. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात. पण एसी घेताना ‘तुला किती पुरेल?’ असं मला कुणीच विचारलं नाही.

अनुदान लोकांच्या पैशातून येतं, विहिरीतलं पाणीही मोजकंच. मर्यादा हवीच. खटकतं ते एवढंच, की ती फक्त मामांना आहे.

१९९२च्या हवामान करारात एक तत्त्व आहे: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड, भारतात सुमारे २. म्हणून आपण म्हणतो, आधी तुम्ही आवरा. पण आपले २ टन ही सरासरी आहे. मामांच्या काटकसरीआड माझा एसी लपतो. अमेरिकेला मी जे ऐकवतो, तेच मामा मला ऐकवू शकतात.

छोटी सौरयंत्रणा माणसाची रात्र सोपी करते, तोवर ती न्यायाची गोष्ट. ‘तुला एवढंच पुरे’ म्हणून आपण मोकळे झालो, की तो न्याय राहत नाही.

मामी आता पिठाची गिरणी टाकायचं म्हणताहेत. त्यांची वीज वाढायलाच हवी. कमी कुणाची व्हायला हवी, हे मला ठाऊक आहे. ते बिल माझ्या नावावर येतं.