पावसाची चौकशी

पहाटे जाग आली की लगेच उठत नाही. डाव्या कुशीवर वळतो आणि उजव्या हाताची बोटं छातीच्या डाव्या अंगाला सपाट टेकवतो. थोडं स्थिर राहिलं की बोटांखाली हलकीशी टिचकी लागते. हृदयाचं खालचं टोक आतून छातीच्या भिंतीला शिवून जात असतं.

ती जागा नेमकी शोधता येते. गळ्याच्या खळगीतून बोट खाली सरकवलं की छातीच्या मधल्या हाडावर साधारण 5 सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला येऊन मिळते ती दुसरी बरगडी. तिथून मोजत उतरायचं. पाचव्या आणि सहाव्या बरगडीमधल्या फटीत, मधल्या रेषेपासून सुमारे 9 सेंटिमीटर डावीकडे हे टोक असतं. कातडीवर एकही खूण नाही, तरी बरगड्या मोजणाऱ्या बोटाला आतला ठावठिकाणा लागतो.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हृदयाच्या चारही झडपा मधल्या हाडाच्या आडोशाला, एकमेकींना खेटून असतात. डॉक्टर मात्र स्टेथोस्कोप टेकवतात चार निरनिराळ्या ठिकाणी. महाधमनीच्या तोंडाची झडप हाडाच्या उजव्या कडेला, दुसऱ्या बरगडीखालच्या फटीत ऐकतात. फुप्फुसांकडच्या वाटेवरची झडप तिच्या समोर, डावीकडे. त्रिदल झडप हाडाच्या डाव्या कडेला, बरीच खाली. आणि द्विदल झडप थेट त्या टोकाशी, जिथे आत्ता माझी बोटं आहेत. झडप मिटल्याचा आवाज रक्ताच्या ओघाबरोबर पुढे जातो. तो ओघ छातीच्या भिंतीजवळ येतो, तिथे कान लावावा लागतो.

बाबा दर रविवारी फोन करतात. “पाऊस झाला का रे तिकडं?” एवढंच विचारतात आणि “घे, आईशी बोल” म्हणून फोन तिच्या हातात देतात. कितीतरी वर्षं मला वाटायचं, यांना माझ्याशी बोलण्यासारखं काही सुचत नाही. मुलगा परगावी एकटा राहतो ही त्यांच्या छातीतली धडधड पावसापाशी येऊन ऐकू येते, हे उशिरा उमगलं. धाकट्या बहिणीचं दुःखही तसंच. विचारलं तर “काही नाही” म्हणते. पण त्या दिवशी तिच्या घरातली सगळी कपाटं आवरलेली असतात.

आपल्या माणसाचं मन ऐकायचं, तर त्याचा ओघ कुठून वाहतो हे ठाऊक हवं. ते ठाऊक व्हायला बोटांनी बरगड्या मोजाव्यात तशी सावकाशी लागते.

आज रविवार. थोड्या वेळाने फोन वाजेल. पाऊस किती वाजता आला, किती वेळ पडला, मी छत्री नेली होती की नाही, सगळं बाबांना नीट सांगणार आहे.